मोजायचा राहिलेला हात

चातुर्मासात कोणी वांगं सोडतं, कोणी कांदा-लसूण. कोकिळेनं त्या वर्षी खोटं सोडलं होतं. कार्तिकी एकादशीपर्यंत खोटं बोलायचं नाही, हातानं लिहायचंही नाही, असा नेम तिनं देवापुढं धरला. ऐकायला सोपं वाटतं, बायांनो, धरून पाहा. शेजारणीनं नवी साडी दाखवली तरी पंचाईत होते!

नेम होता रुख्मिणीसाठी. ही कोकिळेची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण, भजनी मंडळात टाळ घेऊन तिच्या मांडीला मांडी लावून बसणारी. उन्हाळ्यात माहेरी जाते म्हणून ती अमडापूरहून बसनं निघाली. नांदुऱ्याला रेल्वेत बसायचं होतं. माहेरी ती पोचलीच नाही. पोलिसांत कळवून झालं, देवाला विचारून झालं. मग हळूहळू गावानं तिचं नाव घेणं सोडलं. कोकिळेचे यजमान रामराव मलकापूरला ट्रकवर, पोरं शिकायला बाहेर. भिंतीपलीकडून येणारा भांड्यांचा आवाज थांबला, तसं कोकिळेचं घर फार मोठं वाटायला लागलं.

मंडळ बारा बायांचं, रीतसर नोंदलेलं. दर महिन्याला मारुतीच्या देवळात सभा व्हायची आणि वहीत सभेची नोंद, म्हणजे प्रोसिडिंग, कोकिळा लिहायची. हजेरीत ती अजून रुख्मिणीचं नाव पुकारायची. कोणी ओ देत नसे. तेवढंच एक ठिकाण उरलं होतं जिथं रुख्मिणीचं नाव मोठ्यानं घेतलं जाई.

भाद्रपदातल्या सभेत अध्यक्षीण बेबीताईंनी ते नाव कमी करायचा ठराव आणला. त्यांची सून पुष्पांजली रिकाम्या जागेवर यायची होती. नियमच होता, न सांगता लागोपाठ तीन सभा गैरहजर राहिलं की नाव कमी. मात्र त्याला सगळ्यांचं एकमत लागे. आणि आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे, सभा व्हायच्या आधीच 'ठराव सर्वानुमते मंजूर' लिहून तयार असतो. बेबीताईंनी तशी ओळ सकाळीच स्वतःच्या हातानं लिहून ठेवली होती.

"तू फक्त हात मोज अन् सही कर," त्या म्हणाल्या.

बाहेर आभाळ दाटलेलं होतं. देवळात ओल्या सतरंजीचा आणि विझलेल्या कापराचा वास होता. कोकिळा धरून अकरा जणी बसल्या होत्या.

"बाजूनं कोण?"

कोकिळेनं हात मोजले. दहा. तिनं स्वतःचा हात मांडीवरून उचलला नव्हता. विरोध करायचं धाडसही तिला झालं नव्हतं.

"विरोधात कोण?"

कोणीच नसणार, म्हणून बेबीताई पुढच्या विषयाकडं वळल्याही. पण कोकिळेची नजर मागं थबकली. सगळ्यात मागं बनाबाई भिंतीकडच्या खांबाला टेकून बसली होती. खांबामागून एक हात वर आला होता. बारीक मनगट, हिरव्या बांगड्या.

"एक हाय," कोकिळा म्हणाली.

"कोण वो?" बेबीताईंनी मान वळवली. "बने, तू?"

"मी कायले माय! मी तं मघाच बाजूनं केला!"

"मंग काय मारुतीनं केला?" बाया हसल्या. "कोकिळे, उपासानं डोळ्यापुढं अंधारी आली तुह्या. लिव्ह सर्वानुमते."

"मले खोटं नाही लिवता येत, ताई. नेम हाय माहा."

बेबीताई उठल्या. "मंग विरोध करणारीचं नाव लिव्ह. बिननावाचं मत नसते. मी सकाळी वही न्यायले येतो."

सगळ्या गेल्या. दिवेलागण व्हायला आली होती आणि वीज गेलेली. कोकिळा वही मांडीवर घेऊन एकटीच बसून राहिली. पत्र्याच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. नाव कोणाचं लिहायचं? एकच ओठांवर येत होतं, आणि ते लिहायला पुन्हा पाहायला हवं होतं.

तिनं घसा साफ केला. सभेत विचारतात तसंच, पण अगदी हळू विचारलं.

"विरोधात... कोण?"

ठिबक थांबली, की तिला ऐकू येईनाशी झाली, कोण जाणे.

खांबामागून हात वर आला. सावकाश. बांगड्या खाली घसरल्या, पण त्यांचा आवाज झाला नाही.

"रुख्मिणी... तूच हाय का वो? कुठं हायस? मले सांग... मी येतो तुले घ्यायले..."

हात हलला नाही. बोलावलं नाही, नको म्हटलं नाही. नुसता वर राहिला. कोकिळेच्या मनात आलं, हिचा हात अवघडला असेल. मग तिला उमगलं. मोजल्याशिवाय हात खाली येत नाही.

"एक," ती म्हणाली.

हात खाली गेला.

तिनं सकाळची ओळ खोडली. ठरावाच्या बाजूनं दहा, विरोधात एक. विरोध करणारीचं नाव, रुख्मिणी. आणि मत दिलं म्हणजे ती सभेला होती, म्हणून हजेरीत तिच्या नावापुढं लिहिलं, 'हजर'. आता गैरहजेऱ्या लागोपाठ उरल्याच नव्हत्या. लिहिताना ती रडली, पण अक्षर वाकडं होऊ दिलं नाही.

बेबीताईंनी सकाळी वही नेली आणि राग पुढच्या सभेपर्यंत धरून ठेवला. त्या सभेत मागचं प्रोसिडिंग वाचून कायम करायची वेळ आली, तेव्हा त्या कडाडल्या. "नसलेल्या बाईले हजर लिवते? दुरुस्ती पाह्यजे! आज मी मोजतो. दुरुस्तीच्या विरोधात कोण?"

या खेपेला कोकिळेनं हात वर केला. डोळे मिटून, पण सरळ वर.

"एक," बेबीताई म्हणाल्या. मग त्यांची नजर तिच्या डोक्यावरून मागं गेली. "दोन... तीन... चार..."

बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. कोकिळेवाचून कोणाचाच हात वर नव्हता. बेबीताई मोजत राहिल्या. मंडळात बायाच बारा, पण त्यांचा आकडा बाराच्या पुढं गेला. मग त्या मधेच खाली बसल्या.

"राहू द्या... तिचं नाव राहू द्या..."

"किती झाले वो ताई?" बनाबाईनं विचारलं.

बेबीताईंनी पदर तोंडाशी धरला. "माह्याच्यानं नाही होत... अजून वरच हायेत."

रुख्मिणीचं नाव तिथं आजही पुकारतात. ती परत आली नाही. येईल, असं कोकिळा अजून म्हणते. पण त्या दिवशी मोजायचे मधेच राहिलेले हात रुख्मिणीसारख्या कोणाकोणाचे, कोणत्या गावचे, हे कोणालाच कळलं नाही. म्हणून हल्ली सभा उठली की कोकिळा जरा मागं थांबते. रिकाम्या सतरंजीकडं तोंड करून, घाई न करता मोजते. किती झाले ते सांगत नाही. बायांनो, तुमच्याही गावात सभा होत असेल. उठायच्या आधी एकदा मागं वळा, आणि दिसो न दिसो, तुम्हीही मोजा. तेवढाच एखादा हात खाली येईल.