नव्या नटांवरचा गंज

दसऱ्याच्या सकाळी तात्यांचा फोन आला आणि नूतन हातातला चहा तसाच ठेवून निघाली. ती गावची पोलीस पाटील. तात्यांच्या ट्रॅक्टरचा डिझेल पंप चोरीला गेला होता.

वीस वर्षं खळ्यात सडलेला तो ट्रॅक्टर गावातल्या विनेश मिस्त्रीनं चार महिने खपून उभा केला होता. तात्या शेजारी बसून पाने पुढे करत, बारकाईनं बघत. आज दसऱ्याला तो चालवणार मात्र तात्या. पार रेवस बंदरापर्यंत सांगून झालं होतं, पत्रिका तेवढ्या छापायच्या राहिल्या होत्या! आणि आता पंपाची जागा रिकामी, पाइप लोंबत असलेले, त्यांच्या नटांवर लालसर गंज.

तात्या डावा पाय ओढत पुढे आले. "बघ पोरी, कशी वाट लावली!"

गाव अंगणात जमलं होतं. नूतननं विनेशला तिथंच उभं केलं.

"पंप कोणी बसवला?"

"म्याच. परवा. नटबी नवे टाकले."

"मग काढायलाही तुलाच येणार."

"पर ताई, पान्यांची पेटी काल सकाळपास्नं तात्यांच्या देवघरात हाय, खंडेनवमीच्या पूजेत. पूजेतला पाना कोन उचलंल?"

"दुसरे पाने नसतील तुझ्याकडे?"

विनेश गप्प झाला. त्या गप्प राहण्यालाच नूतन कबुली समजली.

"पंप आणून दे, नाहीतर ठाण्यात तुझं नाव कळवते."

विनेशच्या आईनं पदर तोंडाला लावला. लोक तिच्यापासून जरा सरकून उभे राहिले.

नूतन घरात गेली. तात्यांच्या बायकोला, कुमुदकाकूंना तिनं विचारलं, "काल घरात कोण कोण होतं?"

"पोरगा सलिल न्हावा शेव्याला, बंदरात ड्युटीवर. मी दुपारभर देवळात. हेच व्हते घरात."

देवघरात पाने ओळीनं मांडले होते. प्रत्येकावर हळद-कुंकवाची बोटं. एकाच पान्यावरचं कुंकू पुसलेलं होतं.

नूतन धावतच ट्रॅक्टरपाशी आली. नटावर बोट घासलं. बोट लाल झालं, खाली नट लखलखला. नवे नट दोन दिवसांत गंजतात कुठे? विनेशनं तोंडावर सांगितलं होतं. अक्कल कुठे गहाण ठेवली होती आपण?

ती तात्यांजवळ ओटीवर बसली.

"तात्या, तो गंज नाही, कुंकू आहे. पंप पूजेतल्या पान्यानं निघाला. देवघर तुमचं, दुपारी घरात तुम्ही एकटे. नट कसे सुटतात ते तुम्ही चार महिने बघितलंय. आणि कारण तुमच्या पायात आहे. क्लच डाव्या पायानं दाबायचा असतो."

तात्यांनी गुडघा हातांनी झाकला.

"गावभर सांगत फिरलो गं, मीच चालवनार म्हनून. परवा बसून बघितलं, पाय दबंना. लोकं हसतील..."

"म्हणून विनेशला चोर केलंत?"

"त्याचं नाव म्या घेतलं न्हाय. तू घेतलंस."

हे खरं होतं, म्हणून फार लागलं.

"पंप भाताच्या कणगीत हाय. सापडला, एवढंच सांग पोरी."

एवढंच सांगितलं असतं तर तिचीही चूक झाकली गेली असती. क्षणभर तिला तो मोह झाला, आणि त्या मोहाचीच जास्त लाज वाटली.

ती अंगणात आली. "पंप तात्यांनीच काढला होता. विनेशवर आळ घेतला तो मी, काही न तपासता. मला लाज वाटते. विनेश, मला माफ कर."

विनेशनं कणगीतला पंप पुसून बसवला, इंजिन सुरू केलं आणि हात धुऊन आईला घेऊन घरी गेला. ट्रॅक्टर धडधडत राहिला. तो चालवायला कोणी पुढे झालं नाही.

संध्याकाळी विनेश आपट्याची पानं घेऊन घरोघर गेला. नूतनचं दार तेवढं वगळलं. मग वयानं मोठी असूनही तीच त्याच्या दारी गेली.

"सोनं घे विनेश. सोन्यासारखा राहा."

त्यानं दोन्ही हातांनी पानं घेतली. उलट द्यायची पानं त्याच्या खिशात दिसत होती. ती त्यानं काढली नाहीत.