बाहेरची वांगी

"दोनच वांगी? भाजायला का ओवाळून टाकायला?"

प्रांजलीचा हा प्रश्न मी स्वतः ऐकला, कारण मी शेजारीच मेथीची जुडी उलटीपालटी करत होते. समोरचा तरुण कानापर्यंत लाल झाला.

"आई गावाला गेलीय... भरीत करून बघायचंय."

"मंग तेल लावा अन् दोन-चार टोचे मारा. न्हाईतर गॅसवर फुटंल."

फुटलंच. पुढच्या शनिवारी तो तक्रार घेऊन हजर! टोचे मारलेच नव्हते त्याने. मला विचाराल तर, मुद्दामच.

जालन्यात दर शनिवारी भरणाऱ्या शेतकरी बाजारातली ही गोष्ट. प्रांजली आष्टीकडची, पहाटेच्या टेंपोत क्रेट टाकून यायची. ऋषी जालन्याचाच, एका कचेरीत नोकरीला. मी पन्नास वर्षं या गावात भाजी घेते आहे. गिऱ्हाइकाचा हात भाजीवर आणि नजर भाजीवालीवर असली, की मला लगेच कळतं. आमच्या वेळी अशी नजर घरच्यांनी ओळखली, की पोरीचं बाजारात येणंच बंद व्हायचं. इथे ओळखणारी मी एकटीच होते, आणि मी गप्प राहिले.

श्रावण सरला तसा ऋषी एकदा हळूच म्हणाला, "पुढच्या शनिवारी आईला घेऊन येतो. तिला तुझी वांगी बघायचीत."

"वांगीच बघायचीत का...?"

"वांगीसुद्धा," तो म्हणाला.

तो शनिवार उजाडला. आभाळ भरून आलं होतं. प्रांजली नवी ओढणी घेऊन बसली होती, पण चेहरा पार उतरलेला. मी सवयीने अर्धा किलो वांगी पिशवीत टाकली आणि मग हाताला जाणवलं — देठाला काटेच नाहीत. तिची वांगी कायम बोटाला टोचायची.

"ही तुझी नाहीत," मी म्हणाले.

"मावशी, हळू बोला... परवा रानडुकरं शिरली. सगळे वाफे तुडवले. ही पहाटे मंडईतून उचलली."

"अगं, पण इथे बाहेरचा माल चालत नाही! सापडलीस तर जागा जाईल." दोन वर्षं वाट पाहून मिळाली होती ती जागा.

"त्यांच्या आई येऊन राह्यल्या. रिकामी पाटी कशी दाखवू?"

"आणि मला बरी दिलीस गं?"

"तुम्ही म्हंजे घरच्याच..." ती कसंबसं हसली. बाजाराचे व्यवस्थापक भुजंगराव चार पाट्या पलीकडे एकेकाचा माल तपासत होते. ते पाहून तिचं हसू विरलं.

तेवढ्यात ऋषी आला. सोबत नीलाताई, त्याची आई. इस्त्रीची सुती साडी, बारीक नजर. त्यांनी एक वांगं उचललं, फिरवून पाहिलं.

"छान आहेत. एक किलो दे."

प्रांजलीने तराजूला हात लावला... आणि मागे घेतला.

"आज न्हाई द्यायची."

"का? ढीग तर समोर आहे."

"प्रांजली, काय झालं?" ऋषी पुढे झाला. "माझं काही चुकलं का?"

तिने मान हलवली. डोळे भरले होते. एव्हाना भुजंगराव येऊन ठेपले. "काय बाई, गिऱ्हाइकाला परत धाडू राह्यल्या? द्या की जल्दी!"

तिने माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, मी ओठांवर बोट ठेवलं. एक किलो वांग्यांनी कुणाचं काय बिघडणार होतं?

"ही माझ्या शेतातली न्हाईत," ती म्हणाली. ते सगळ्यांना ऐकू गेलं. "मंडईतली हायेत."

भुजंगरावांनी सुस्कारा सोडला. "मंग जागा सोडा, बाई. नियम सगळ्याला बराबर हाय."

नीलाताईंनी वांगं खाली ठेवलं. "सकाळपासून बाकीच्यांना विकलीस ना? मग मलाच का नाही?"

"त्यांच्यासंगं चुकलंच माझं. माफी मागीन. पण तुमच्यासंगं पहिल्याच दिशी खोटं बोलले असते... तर पुढं रोज तोंड कसं दाखवलं असतं?"

"रोज?" नीलाताईंनी विचारलं.

आपण काय बोलून बसलो, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. तिने ओढणीचं टोक मुठीत आवळलं. आजूबाजूचे तराजू थांबले होते.

"हो, आई," ऋषी म्हणाला. "रोज."

नीलाताई वळल्या आणि सरळ ऋषीच्या गाडीत, पुढच्या सीटवर जाऊन बसल्या.

ऋषीने तिचे क्रेट उचलले.

"राहू द्या... त्या रागावल्या," प्रांजली म्हणाली.

"टेंपो संध्याकाळी येतो ना? तोवर पावसात बसणार आहेस का?" त्याने क्रेट मागच्या सीटवर ठेवले. ती रस्त्याकडेला अवघडून उभी राहिली; ना पुढे, ना मागे.

तेव्हा गाडीचं पुढचं दार उघडलं. नीलाताई उतरल्या. पदर सावरत मागे गेल्या, क्रेट हाताने सरकवले आणि उरलेल्या अर्ध्या जागेत अंग चोरून बसल्या.

"बस की गं पुढे," त्या म्हणाल्या. "आष्टी काय जवळ आहे?"