हौदापलीकडची तार

"हेडबाई सुटल्या!" शेपूट कुरणातून ओरडत आली, तसे भिंगरीच्या हातातले पत्ते गवतावर सांडले. अगदी जिंकत आलेला डाव होता तो, पण पत्ते गोळा करायला वेळ कुणाला होता?

हेडबाई म्हणजे मामाच्या गोठ्यातली सगळ्यात थोराड गाय. शाळेतल्या बाईंसारखी मान वर करून ती पुढे चालायची आणि बाकीच्या गायी मुकाट्याने तिच्यामागून जायच्या. ती कुंपणाबाहेर पडली म्हणजे अख्खा वर्ग बाहेर पडला. आणि बाहेर पडून जायचं कुठे, तर शेजारच्या रोपवाटिकेत! तिथल्या कोवळ्या रोपांची चव सगळ्या वर्गाला आता पाठ झाली होती.

पंडितने चष्मा सावरत रोपवाटिकेकडे धूम ठोकली. पंडित हा मामाचा मुलगा, आणि शेपूट ही त्याची धाकटी बहीण. पंडितला जगातली प्रत्येक गोष्ट माहीत असायची, निदान त्याला तरी तसं वाटायचं. शेपूट मात्र भिंगरी सुट्टीला आली की जिथे भिंगरी तिथे हजर, म्हणून तिचं नाव शेपूट. भिंगरी दोघांची आतेबहीण. एका जागी बसेल तर शपथ, त्यामुळे तिला ते नाव कुणी ठेवलं हे विचारायची गरजच नव्हती.

भिंगरी फाटकाकडे पळाली. तिथे खांबावर झटका मशीन होतं, तारेत वीज सोडणारं. गायी परत आत घ्यायच्या तर आधी ते बंद करावं लागायचं, नाहीतर बिचाऱ्यांना येतानाच झटका बसायचा. तिने बटणाकडे हात नेला आणि थबकली. मशीनमधून आवाज येत होता. टक... टक... टक...

म्हणजे मशीन चालूच होतं की!

तेवढ्यात धापा टाकत आजोबा आले. गायी सुटल्या की आधी बटण बंद करायचं, ही त्यांच्या हाताला वर्षानुवर्षांची सवय. त्यांनी मशीनकडे पाहिलंसुद्धा नाही, खटकन बटण फिरवलं आणि गायींना हाका मारत ते पुढे गेले.

गायी आत आल्या, पण रोपवाटिकेचे काका त्यांच्यामागून फाटकापर्यंत आले. खरं तर गरीब माणूस, एरवी मुलांना हाक मारून पेरू द्यायचे. आज त्यांच्या हातात मुळासकट उपटलेली रोपं होती. ते मामाला म्हणाले, "पहिल्यांदा झालं, मी हसलो. दुसऱ्यांदा झालं, गप्प बसलो. आता गायी बांधून तरी घाला, नाहीतर दुसरीकडे तरी ठेवा."

मामाने त्यांची माफी मागितली आणि सरळ मशीन गाठलं. बटण अर्थातच बंद होतं. तो आजोबांकडे वळला. आजोबा बटण लावायला पुन्हा विसरले, अशी त्याची खात्रीच झाली.

भिंगरीने सांगून पाहिलं की मशीन चालू होतं, तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. मामाने तिच्या डोक्यावर टपली मारली. "आजोबांची वकिली करतेस होय? कर, कर," असं म्हणून तो निघून गेला. मोठ्या माणसांचं हे एक बरं असतं. त्यांना लहान मुलांचं ऐकायचं नसलं की ती लाडात येतात.

जेवताना मामाने निर्णय सांगितला. सोमवारपासून कुंपणाचं काम तो एकटाच बघणार. अप्पांनी, म्हणजे आजोबांनी, आता आराम करायचा. तसंही गेले काही दिवस, आजोबा संध्याकाळी मशीन सुरू करायला गेले की मामा त्यांच्या मागोमाग जाऊन बटण तपासून यायचाच. आजोबांना ते कळत नव्हतं थोडंच? सकाळचं बटण मात्र आजोबा एकटेच लावायचे, आणि गायी सुटायच्या त्या दिवसाच.

मामी म्हणाली, एकदा नीट बघा तरी. त्यावर आजोबाच हळू आवाजात बोलले, "नको गं. मलाही हल्ली खात्री वाटत नाही. बटण लावल्याचं आठवतं, पण ते आजचं आठवतं की कालचं, कोण जाणे. विसरत असेन मी."

भिंगरीने हातातला घास ताटात ठेवला. आजोबा हरले असते तर ती समजू शकली असती, पण हे न लढताच हरणं तिला सहन होईना. शेकडो गाणी पाठ असलेला, प्रत्येक गायीची आई-आजी सांगणारा हा माणूस आज स्वतःच्याच डोक्यावर संशय घेत होता. आणि तिने तर ती टकटक ऐकली होती!

झोपायच्या आधी तिघांची माळ्यावर सभा भरली.

पंडितचं म्हणणं, गायी हुशार झाल्या असतील, त्यांनी झटक्याची सवय करून घेतली असेल. शेपटीचं म्हणणं, हेडबाई उडी मारतात. भिंगरीला दोन्ही पटेना. मशीन चालू आणि गायी बाहेर, तर गडबड मशीन आणि गायी यांच्यामध्ये कुठेतरी असणार. मध्ये काय आहे? तार.

"उद्या तारेवरून चालत जायचं, अगदी शेवटपर्यंत," ती म्हणाली.

"तारेवरून?" शेपटीचे डोळे मोठे झाले.

"तारेच्या बाजूने गं, वेडाबाई."

त्या कुंपणाची गंमतच होती. ते कायमचं नव्हतंच. प्लास्टिकच्या धाग्यांत केसांएवढ्या पोलादी तारा विणलेली एक पांढरी दोरी, आणि पायाने दाबून जमिनीत रोवायचे हलके खांब. एका तुकड्यातलं गवत संपलं की सगळं कुंपण गुंडाळायचं आणि पुढच्या तुकड्याला लावायचं. हे गुंडाळणं म्हणजे पूर्वी सुट्टीतला केवढा सोहळा असायचा! आजोबांनी त्यासाठी एक गाडी बनवली होती. सायकलची दोन चाकं, वर भलंमोठं रीळ, आणि चाकापासून रिळापर्यंत एक चामड्याचा पट्टा. गाडी ढकलत तारेच्या कडेने चालत गेलं की जेवढं चालाल तेवढीच तार रिळावर चढायची. जरा ताण वाढला की पट्टा आपोआप घसरायचा. पुढच्या जाळीत उपटलेले खांब टाकायचे. आजोबा गाडी ढकलायचे, पंडित खांब उपटायचा, भिंगरी ते जाळीत टाकायची, आणि शेपूट खांबांच्या ढिगावर राणीसारखी बसून हुकूम सोडायची. मावळतीचं ऊन, कुरकुरणारं चाक, आजोबांचं गाणं. गाणं संपेपर्यंत कुंपण संपायचं.

पुढे भिंगरी मोठी झाली, नोकरीला लागली, लांबलांब फिरली. पण 'सुट्टी' हा शब्द ऐकला की अजून तिच्या कानात आधी ते चाकच कुरकुरतं.

या वर्षी मात्र ती गाडी गोठ्यामागे गोणपाटाखाली पडली होती. मामाने जीपच्या मागे मोटरचं रीळ बसवून घेतलं होतं. जीप फाटकापाशी उभी करायची, बटण दाबायचं, की सगळी तार सरसरत आपणहून धावत यायची. ना चालणं, ना ढकलणं. मामा त्याच्यावर जाम खूश होता.

सकाळी तिघं फाटकापाशी पोचली. मशीन टकटकत होतं. भिंगरीने गवताची एक लांब हिरवी पात तोडली. तारेत झटका आहे की नाही हे बघायची ही युक्ती तिला आजोबांनीच शिकवली होती. पातीचं टोक तारेवर टेकवायचं आणि पात हळूहळू पुढे सरकवायची. वीज असली तर बोटांना कुणी बारीक टिचकी मारल्यासारखं वाटतं.

पहिल्या खांबापाशी टिचकी. पुढच्या खांबापाशी टिचकी. आळीपाळीने पात धरत तिघं चालली. "आई गं" म्हणायची शेपटीला इतकी मजा वाटू लागली की ती पात टेकवायच्या आधीच ओरडू लागली. असं करत ती दगडी हौदापाशी आली. गायींना पाणी हवंच, त्यामुळे कुंपण कसंही फिरवलं तरी त्याचा एक कोपरा या हौदाशी यायचाच. इथे तार वळायची आणि रोपवाटिकेच्या कडेने पार टोकापर्यंत जायची.

हौदाच्या अलीकडे टिचकी. हौदाच्या पलीकडे काहीच नाही.

भिंगरीने पात आखूड धरली. तरी काही नाही. पंडितने नवी पात आणली. काही नाही. पुढच्या खांबापाशी, त्याच्या पुढच्या, अगदी शेवटच्या खांबापाशीसुद्धा तार मेलेली होती.

"पण तुटलेली तर कुठेच नाही," पंडित तारेला डोळे लावून म्हणाला. "वीज गेली कुठे?"

उत्तर शेपटीला सापडलं. ती हौदाच्या काठावर चढली होती, कारण चढण्यासारखं काही दिसलं की ती चढायचीच. काठाच्या धारदार दगडाला पांढरा पिंजलेला कापूस चिकटला होता आणि त्यात काहीतरी चमकत होतं. भिंगरीने ते चिमटीत घेतलं. प्लास्टिकच्या धाग्यांचे तुकडे, आणि त्यात केसांएवढ्या पोलादी तारांचे तुकडे.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मोटरचं रीळ फाटकापाशी एका जागी उभं राहून सगळी तार खेचत होतं, आणि हौदापलीकडची सगळी तार दर वेळी या दगडाला घासत, करकरत वळत होती. वरची दोरी टिकली, आतले पोलादी केस जागोजागी तुटले. बाहेरून बघणाऱ्याला तार अगदी धडधाकट! फक्त गायींना खरं काय ते कळलं होतं.

"आजोबांच्या गाडीने असं झालंच नसतं," पंडित सावकाश म्हणाला. त्याच्या तोंडून 'मला माहीतच होतं' हे शब्द आले नाहीत, असा तो पहिलाच प्रसंग असावा. "ती गाडी तार ओढतच नाही. आपणच तारेकडे चालत जातो."

आता हे मामाच्या गळी कसं उतरवायचं? सांगायला गेलं की पुन्हा डोक्यावर टपली. भिंगरीने विचार केला आणि एक बेत ठरवला. पंडितने बापाला बोलवायचं, शेपटीने रोपवाटिकेच्या काकांना, आणि आजोबांना भिंगरीने स्वतः. प्रत्येकाला एवढंच सांगायचं की हौदापाशी काहीतरी झालंय, लगेच या. त्यात काही खोटं नव्हतं.

आजोबा यायला तयार नव्हते. आता ते काम मामाचं आहे, ते म्हणाले. भिंगरीने त्यांचा हात धरला तो सोडलाच नाही.

मामा आला तो वैतागूनच. भिंगरीने त्याला आधी फाटकापाशी थांबवलं आणि मशीनला कान लावायला सांगितलं. टक... टक... मामाने मान हलवली, चालू आहे. "नक्की?" तिने विचारलं. नक्की, मामा म्हणाला, मी बहिरा नाही. मग ती त्याला हौदापलीकडे घेऊन गेली. काका तिथे कमरेवर हात ठेवून उभेच होते.

"मामा, मशीन चालू आहे ना?"

"किती वेळा सांगू? आहे."

"मग बघ."

आणि भिंगरीने दोन्ही मुठींनी ती तार घट्ट पकडली.

मामाच्या तोंडचं पाणी पळालं. "सोड!" असं ओरडत तो धावला. पण भिंगरी शांत उभी होती, कपडे वाळत घालायची दोरी धरावी तशी. मामाचे पाय जागीच थांबले. त्याने गवताची पात तोडली आणि तारेला लावली. मग एक बोट लावलं. मग सगळा हात.

पंडितने हौदाचा काठ दाखवला, शेपटीने तो चमकणारा पिंजलेला कापूस मामाच्या तळहातावर ठेवला. मामाने हौदाकडे पाहिलं, फाटकापाशी उभ्या जीपकडे पाहिलं. सगळं समजायला त्याला कुणाचीच मदत लागली नाही. त्याचा चेहरा पडला.

आजोबा मात्र अजून मागेच उभे होते. हौदाकडे त्यांचं लक्षच नव्हतं. त्यांनी भिंगरीच्या खांद्यावर हात ठेवला.

"म्हणजे... मी विसरलो नव्हतो?"

"नाही आजोबा."

"कालही नाही? आणि त्याच्या आधी?"

"एकदाही नाही," मामाच म्हणाला. "मी विसरलो अप्पा. तुम्ही कोण आहात तेच विसरलो."

आजोबांनी नुसती मान हलवली आणि पटकन दुसरीकडे तोंड फिरवून ते गायींकडे बघत राहिले. भिंगरीला वाटलं, आता आपण रडणार. म्हणून तिने शेपटीला चिमटा काढला, आणि शेपटीने असं भोकाड पसरलं की सगळ्यांचीच सुटका झाली.

दुपारभर काम चाललं. हौदापलीकडची तार कापून टाकली, तिच्या जागी नवी जोडली. मोटरचं रीळ मामाने स्वतःच जीपवरून उतरवलं आणि गोठ्यामागून रिळगाडी काढून तिच्या चाकात तेल घातलं. रोपवाटिकेच्या काकांनी पेरू आणले. "एवढी वर्षं मी कुंपण बघतोय, पण तारेच्या पोटात शिरून बघणारी ही पहिलीच पोरं," ते मामीला म्हणाले. मामीने तिघांना जवळ घेतलं आणि भिंगरीला पुन्हा कधी तार धरशील तर याद राख म्हणून दमही भरला. पंडित दिवसभर चष्मा पुसत हिंडत होता.

ऊन उतरल्यावर सगळे ओट्यावर चहा घेत बसले. आजोबा उठले, चपला घातल्या आणि मशीन सुरू करायला फाटकाकडे निघाले. रोजच्या सवयीने मामाही अर्धा उठला. मग तसाच खाली बसला, आणि त्याने चहाचा कप पुन्हा हातात घेतला.

थोड्या वेळाने आजोबा गाणं गुणगुणत परत आले. बटण लावलं का, असं त्यांना कुणीच विचारलं नाही.