जुना पासवर्ड

आपल्या सोसायटीच्या वायफायचा पासवर्ड मी जिन्यातल्या फळ्यावर खडूने लिहून ठेवतो आणि सेक्रेटरी येऊन तो पुसतो. मी परत लिहितो. या भांडणावर तुम्ही पोरं हसता, मला माहीत आहे. मगाशी ही नीरजा म्हणाली, "काका, असं नसतं करायचं, सेफ नसतं ते." बरोबर आहे तिचं. इंजिनियरिंगला आहे, तिला कळतं. माझा भाचा मितेशसुद्धा हेच म्हणायचा. आता म्हणत नाही.

का म्हणत नाही ते सांगतो. कोजागिरी आहे, दूध आटायला वेळ आहे. मयूर, तू ढवळत राहा. खाली लागलं तर पातेलं तुझ्याकडून घासून घेईन. आणि मोबाईल खिशात ठेवा सगळ्यांनी.

मितेश म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ठाकुर्लीला राहतो, लोकांच्या घरी इंटरनेट बसवून देतो. कल्याण, शहाड, आंबिवली, सगळीकडे त्याची स्कूटर फिरते. खोटं बोलणारा मुलगा नाही. म्हणजे बोलतो, पण जमत नाही त्याला, लगेच कान लाल होतात. ही गोष्ट त्याने मला सांगितली तेव्हा त्याचे कान मी मुद्दाम बघितले. लाल नव्हते.

गेल्या वर्षी वैशाखात त्याला आंबिवलीच्या पलीकडच्या एका गावातून फोन आला. तिथे तानाजीशेठ म्हणून आहेत. पूर्वी भाताची शेती, मग जमिनी बिल्डरला गेल्या, आता मोठा बंगला, पुढे दोन गाड्या. काम साधंच होतं. शेठ म्हणाले, "बाहेरून कोनतरी आमचं नेट वापरतंय. ये नि बंदोबस्त कर."

मितेश दुपारीच गेला. शेठच्या पुतण्याने मोबाईलवर कसलंसं ॲप टाकून दाखवलेलं, घरच्या नेटवर कुठकुठले फोन आहेत ते. बाकीचे घरातलेच होते. एकाचं नाव होतं 'दिशा'.

"हाच," शेठ म्हणाले. "हाकल याला."

आता पंचाईत अशी, की जुना पासवर्ड घरात कुणालाच ठाऊक नव्हता. सगळं मुलीने बसवलेलं, तिनेच एकेकाच्या फोनमध्ये टाकून दिलेलं. मितेशने विचारलं, मुलगी कुठे आहे? शेठ खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांची बायको, विनिताकाकू, चहाचा कप घेऊन आलेल्या, त्या कप तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

मितेशने मग राउटरच्या मागच्या भोकात पिन घातली आणि तो कोरा करून टाकला. आधीचं सगळं पुसलं. नाव तेच ठेवलं, पासवर्ड नवा दिला, चांगला भक्कम. काम नीटनेटकं करायची त्याला सवय, म्हणून घरातल्या प्रत्येक फोनमधून जुनं वायफाय काढून टाकलं आणि नवं जोडून दिलं. शेठच्या फोनवर राउटरचं ॲप टाकलं. चुकीचा पासवर्ड मारून कुणी आत यायला बघितलं तर त्यावर टिंग वाजणार, कुठल्या फोनवरून ते नावही दिसणार. शेठ खूश झाले.

तो निघाला तर विनिताकाकू गेटपाशी आल्या. आवाज एकदम खाली. "भाऊ, नवीन पासवर्ड सांग ना मना."

"काकू, तुमच्या फोनमध्ये टाकलाय की."

"माजे फोनचं नाय रं. पोरीला सांगाचा हाय."

मग कळलं त्याला. दिशा त्यांची एकुलती एक मुलगी. सोमनाथ नावाच्या मुलाशी तिने स्वतःच्या मनाने लग्न केलं, साताऱ्याकडचा मुलगा, इथे टिटवाळ्याला भाड्याने राहायचे. शेठनी शपथ घातली, या घरातल्या कुणी तिच्याशी बोलायचं नाही, आणि ती दिसली तर मी अन्न सोडेन. तरी ती यायची. रोज दिवेलागणीनंतर बंगल्यामागच्या गल्लीत भिंतीपाशी उभी राहायची आणि काकू स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत. एकमेकींना बघत फोनवर बोलायच्या, हळू, पुढच्या खोलीत ऐकू जाऊ नये म्हणून. त्या बाजूला मोबाईलला रेंज अजिबात नाही. भिंतीपर्यंत पोचायचं ते फक्त घरचं वायफाय. दोघी त्यावर बोलायच्या.

मितेशने वळून बघितलं तर शेठ दारात उभे. बिचारा घाबरला. "उद्या फोन करतो काकू," म्हणाला आणि स्कूटरला किक मारली.

त्या रात्री दिशा आली. फोन कानाला लावला. खाली घेतला, बघितला, परत लावला. काकू खिडकीतून हाताने सांगत होत्या, पण त्यांच्या मागे स्वयंपाकघराचा लाइट, बाहेर काळोख, तिला नुसती आकृती दिसत असणार. ओरडायची सोय नाही, नवरा पुढच्या खोलीत. पोरगी बराच वेळ उभी राहिली. मग तिने फोन पर्समध्ये टाकला आणि गेली. टिटवाळ्याच्या रस्त्याला डंपरने उडवलं तिला.

आईनेच आपल्याला तोडलं, असं समजून गेली ती. काकूंना तर एकच वाक्य लागून राहिलं. 'मी नाय बंद केलं.' एवढंच सांगायचं होतं तिला, आणि सांगायला ती नव्हती.

मयूर, ढवळ रे.

आता ती रात्र. पितृपक्ष, अविधवा नवमी, सोमवार होता. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईचं पान त्या दिवशी वाढतात. सोमनाथ गावी निघून गेलेला, सासरी करणारं कुणी नव्हतं. म्हणून काकूंनीच पान वाढलं आणि मागच्या भिंतीवर नेऊन ठेवलं. शेठनी अडवलं नाही.

संध्याकाळी त्यांचा मितेशला फोन. "ये. आत्ताच्या आत्ता ये."

मितेश पोचला तेव्हा अंधार पडलेला. शेठ खूप वाळलेले. त्यांनी आपला फोन पुढे केला. ॲप उघडं होतं. चुकीचा पासवर्ड. चुकीचा पासवर्ड. चुकीचा पासवर्ड. खालपर्यंत तेच. आणि प्रत्येकापुढे फोनचं नाव, दिशा.

"रोज रातचं येतं हे," शेठ म्हणाले. "ती गेली तवापासून."

"शेठ, तिचा फोन कुणाकडे असेल. चोरला असेल कुणी."

शेठनी कपाट उघडलं. ओढणीत गुंडाळलेला तिचा फोन काढला. मधून मोडलेला. काचेचा चुरा ओढणीतून सांडला.

तेवढ्यात शेठच्या हातातला फोन वाजला. टिंग.

मितेशला तिथून पळावंसं वाटलं. पण शेठनी त्याचा हात धरला, आणि तो माणूस, ज्याने पोरीचं नाव घरात घ्यायला बंदी केलेली, तो माणूस म्हणाला, "उघडून दे रं. किती दिस उभी ऱ्हाईल ती?"

काकूंनी आतून हाक मारली. "इकरं या."

स्वयंपाकघरातला लाइट त्यांनी बंद केलेला. खिडकीतून मागची भिंत दिसत होती. भिंतीच्या वर, माणसाच्या हनुवटीच्या उंचीवर, उजेड होता. फिका. मोबाईलच्या स्क्रीनचा असतो तेवढाच. त्याच्यामागे कुणी दिसत नव्हतं. उजेड वर गेला, कानापाशी जाईल इतका. मग खाली आला. मग परत वर.

"बाय," काकूंनी लेकीला हाक मारली. मग मोठ्याने, "बाय गं! मी नाय बंद केलं!"

उजेड तसाच. खाली... वर...

शेठ ओरडले, "दिशा! ये, घरान ये!" सगळ्या गावाला ऐकू गेलं असेल. कुत्री भुंकायला लागली. उजेडाला काही नाही. शेठ आणि मितेश बॅटरी घेऊन मागच्या गल्लीत धावले. भिंत, वाढलेलं पान, गवत. कुणी नाही. उजेडही नाही. आणि खिडकीतून काकू सांगताहेत, "तुमचे बाजूला हाय. अगदी बाजूला हाय..."

तिला ऐकू जात नव्हतं. ती फक्त फोन बघत होती.

मितेश राउटरपुढे बसला. आधी पासवर्ड काढूनच टाकला, उघडं ठेवलं सगळं. टिंग वाजायचं थांबलं, पण जोडलंही काही जाईना. मितेश म्हणतो, कुलूप काढलं की फोनला ते घर ओळखू येत नाही. त्याला जुनंच कुलूप लागतं. मग एकच वाट उरली, जुना पासवर्ड जसाच्या तसा परत द्यायचा. आणि तो फक्त दिशाला ठाऊक होता. राउटर याने कोरा केलेला. घरातल्या फोनमध्ये तरी राहिला असता, पण तिथूनही यानेच पुसलेला, स्वतःच्या हाताने. कुणी सांगितलंही नव्हतं.

"आठवा काकू. काय ठेवला असेल?"

काकूंनी तिची जन्मतारीख सांगितली. मितेशने टाकली. राउटर बंद होऊन चालू झाला. लाल दिवा, मग हिरवा. तिघं थांबले.

टिंग. चुकीचा पासवर्ड.

शाळेचं नाव. चुकीचा. तिच्या पहिल्या गाडीचा नंबर. चुकीचा. आजीचं नाव, रखमाबाई. मांजराचं नाव. गावदेवीचं नाव. आईचं नाव टाकताना काकू पदर तोंडाला लावून बसल्या. लाल. हिरवा...

टिंग.

खिडकीबाहेर उजेड वर जात होता, खाली येत होता. दमला नव्हता. काकू सारख्या तेच म्हणत होत्या, आता आवाज बसलेला. मी नाय गं. मी नाय.

मध्यरात्र उलटली. सुचण्यासारखं काही उरलं नाही. शेठ भिंतीला टेकून खाली बसलेले. मग त्यांनी जावयाचं नाव घेतलं. या घरात पहिल्यांदा.

"सोमनाथ... टाकून बघ."

मितेशने एकेक अक्षर बघून टाकलं. राउटर बंद झाला. चालू झाला. लाल दिवा. शेठनी हात जोडलेले. हिरवा.

तिघांनी खिडकीकडे बघितलं.

...

टिंग.

शेठ तेव्हा रडले. मोठ्याने नाही. मितेश म्हणतो, मामा, मला सगळ्यात भीती त्या रडण्याची वाटली, कारण मी तिथे होतो, माझं कामच ते, आणि मला काही करता येत नव्हतं.

पहाटे कोंबडं आरवलं आणि उजेड गेला. काकूंनी खिडकी सोडली नाही. शेठनी वायर उपटली, राउटर मितेशच्या हातात दिला. "घेऊन जा. उद्या रातचं मना हे बघवनार नाय." मितेशने तो घरी आणून माळ्यावर टाकला. शेठनी कनेक्शनही कापून टाकलं.

संपलं असं वाटलं त्याला.

सर्वपित्रीच्या दिवशी शेठचा परत फोन. "जरा येऊन जा." एवढंच. याला वाटलं, नेट परत हवं असेल.

गेला तर शेठ दारातच बसलेले. आत बोट दाखवलं. काकू मागच्या खिडकीत, स्टुलावर. कानाला फोन. फोनला चार्जरची वायर.

"तू गेलास ना, त्याच सांजंला वाजला तो," शेठ म्हणाले. "हिनं उचलला. तवापासून चालूच हाय."

"काय... काय बोलते ती?"

"ती काय नाय बोलत. हीच बोलते."

काकू बोलतच होत्या. तेच वाक्य. मध्ये थांबायच्या, ऐकायच्या, आणि परत तेच. पलीकडे पोचतंय की नाही, कोण सांगणार? मितेशने हात पुढे केला. काकूंनी क्षणभर त्याच्याकडे बघितलं आणि फोन दिला.

वर वायफायची खूण होती. पूर्ण भरलेली. घरात राउटर नाही, कनेक्शन नाही. त्याने स्वतःचा फोन काढून बघितला, त्यावर काहीच नाही. ना वायफाय, ना रेंज.

त्याने तो फोन कानाला लावला.

आवाज नाही. नुसती शांतता... पण बंद फोनची नाही. मोकळ्या जागेची. वारा असतो तशी.

बाहेर गल्लीत कुत्रं भुंकलं.

आधी फोनमध्ये भुंकलं. जवळून. पायापाशी असल्यासारखं. मग खिडकीतून ऐकू आलं, भिंतीपलीकडून, लांब.

मितेशने भिंतीकडे बघितलं नाही. फोन काकूंच्या हातात परत दिला. देताना स्क्रीन उजळली. वर दिशाचं नाव, खाली कॉलची वेळ. सेकंद पुढे सरकत होते.