सुरक्षित अंतर

चूक माझीच होती. पण इतकी गोड चूक पुन्हा करायला मिळाली, तर मी मुळीच सोडणार नाही!

आमचा दवाखाना कानांचा. बाहेर बाकावर एक उंच, संकोची माणूस बसला होता. पुढचा नंबर त्याचाच, असं धरून मी त्याला आत घेतलं, आवाजबंद खोलीत बसवलं आणि डोक्यावर हेडफोन चढवले. मोठ्यांनी दाबायचं बटण बिघडलेलं, म्हणून मुलांची रीत सांगितली – आवाज आला की एक ठोकळा डब्यात टाकायचा.

"अहो, पण मी खरं तर..."

"बोलायचं नाही. फक्त ऐकायचं."

मी काचेपलीकडून आवाज बारीक बारीक करत नेला, आणि हा पठ्ठ्या डोळे मिटून, गालात हसत, एकेक ठोकळा टाकतोय! इतके तयार कान मी आजवर पाहिले नव्हते. डोळेही छान होते... पण ते तपासणं माझं काम नव्हे.

"तुमच्या कानांना काहीही झालेलं नाही," मी म्हणाले.

"ठाऊक आहे. मी आवाजावर संशोधन करतो. कान किती सहन करतो, ते तुमच्याकडून शिकायला आलोय."

"मग आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही बोलू कुठे दिलंत?"

मग तो येतच राहिला. कानाच्या आत केसांहून नाजूक तंतू असतात, एकदा मोडले की पुन्हा उगवत नाहीत, हे मी त्याला चित्र काढून सांगत होते आणि तो चित्राकडे सोडून माझ्याकडे बघत होता. घरी आईच्या नजरेतून काही सुटत नाही. "काय गं, रोज नवे कानातले? पेशंट स्वतःचे कान दाखवायला येतात की तुझे बघायला?"

एका दुपारी आम्ही त्या आवाजबंद खोलीत बसलो होतो. दार लावलं की तिथे बाहेरचं जगच उरत नाही.

"काय ऐकू येतंय?" मी विचारलं.

"माझं काळीज... जरा जास्तच धडधडतंय."

"मग तपासायला हवं."

तो हसला – आणि एकदम खुर्चीत ताठ बसला. "तुम्हाला एक सांगायचंय..."

मी श्वास रोखून धरला.

"मी जे यंत्र बनवतोय ना, ते गर्दी पांगवण्यासाठी आहे. गाडीवर बसवायचं, लोकांकडे वळवायचं. असा आवाज, की माणसं कान धरून पळत सुटतील."

मी खुर्ची मागे सरकवली.

"गोळीपेक्षा बरं ना?" तो कळवळून म्हणाला. "मी लहान असताना आमच्या चौकात गोळीबार झाला. माझा काका त्यात गेला. पुन्हा कुणाचा काका जाऊ नये, म्हणून मी यात पडलो. किती अंतरावर धोका नाही, तेवढं कानांच्या डॉक्टरनं लिहून द्यायचंय. तुमची सही मिळाली तर..."

"गर्दीत अंतर कोण मोजणार? आणि आईच्या कडेवरच्या बाळाचे कान कोण झाकणार?"

"तुम्ही नाही म्हणालात, तर दुसरं कुणी सही करेल," तो हळूच म्हणाला.

"करू दे. माझी मिळणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा."

तो गेला. त्याच खोलीत दार लावून मी पोटभर रडले. तिथला आवाज बाहेर जात नाही, हा तिचा मोठाच गुण. मला तो माणूस हवा होता, आणि त्याच्या हातातलं ते यंत्र नको होतं. दोन्ही एकदम कसं जमणार?

बरेच दिवस गेले. मग एका सकाळी तो दारात उभा, दाढी वाढलेली.

"मीटिंगमध्ये सांगून टाकलं – सुरक्षित अंतर असं काही नाहीच, आणि हे ज्यानं बनवलं तोच सांगतोय. साहेबांनी घरचा रस्ता दाखवला."

"आणि यंत्र?"

"ते आहेच. दुसरा कुणी पुढे नेईल. पण डॉक्टरची सही त्यांना लागणारच. म्हणून गावातल्या एकेका कानांच्या डॉक्टरला गाठून समजावतोय. एका बाईंनी चहा दिला, एकानं हाकलून लावलं." तो ओशाळला. "मला नीट बोलता येत नाही हो. घसाच कोरडा पडतो."

"आणि म्हणे आवाजाचे शास्त्रज्ञ!" मी पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला. "चला, पुढचा डॉक्टर कुठे बसतो?"

तिथल्या रिसेप्शनिस्टनं मान वर न करताच विचारलं, "पेशंट कोण?"

"कुणी नाही," तो म्हणाला. "कुणी होऊ नये, म्हणून आलोय."

किती नीट बोलला! तिनं आता माझ्याकडे पाहिलं. "आणि तुम्ही यांच्या कोण?"

"या... म्हणजे... यांचं आणि माझं..." झालं, घसा पुन्हा कोरडा.

"होणारी बायको," मी सांगून टाकलं.

ती आत वर्दी द्यायला गेली. तो माझ्याकडे बघतच राहिला, कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल होऊन.

"हे... कधी ठरलं?"

"आत्ता. नको असेल, तर पळून जायला अजून वेळ आहे."

"नाही, नाही! हवंय!" तो इतक्या जोरात ओरडला, की तीनदा हाक मारूनही ज्यांना ऐकू आलं नव्हतं, ते बाकावरचे आजोबासुद्धा वळून हसले.