सुट्या छपराचं घर

ही गोष्ट रात्रीची नाही. भर दुपारची आहे. खाली रस्त्यावर वर्दळ होती, शेजारच्या घरात टीव्ही चालू होता, तेव्हा घडलेली. विश्वास ठेवाच असं मी म्हणणार नाही. पण यातला शेवटचा भाग मी स्वतः पाहिलाय, त्यामुळे खोटं आहे असंही म्हणता येत नाही.

मी वायरिंगची कामं करतो. दिवा आपोआप लागला की लोकांना भूत आठवतं, मला ढिला स्क्रू आठवतो. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी मला भोळा म्हणायला नको.

झालं ते माझ्या मावसभावाच्या घरी.

त्याला आम्ही सगळे थर्मा म्हणतो. थर्माकोलमधला थर्मा. टेबलावर मांडून खेळायचे लढायांचे खेळ असतात, बोटाच्या पेरापेक्षा थोडे मोठे सैनिक, फासे, मोजपट्टी, असे. त्या खेळांसाठी डोंगर, पूल, पडकी घरं हा बनवतो. फोमशीट गरम तारेनं कापायची, संपलेल्या बॉलपेननं विटा कोरायच्या, मग रंग. बघणाऱ्याला वाटतं दगड आहे, आणि फुंकर मारली तर उडेल. घरात लग्नाचा विषय निघाला की हा डोंगराला रंगाचा दुसरा हात द्यायला उठायचा. तसंच राहून गेलं ते.

घरात तो आणि त्याची आई, म्हणजे माझी मावशी. दोघंच. सगळ्यात वरचा मजला, डोक्यावर मोकळी गच्ची. मावशीनं आयुष्यभर शिवणकाम केलं. आता छाती कमजोर झाली, ती पडूनच असते. दम लागला तर वेळ घालवू नका, असं डॉक्टरांनी थर्माला बाजूला घेऊन सांगितलं होतं. तेव्हापासून त्याच्या जिवाला एकच घोर. आपण पुढच्या खोलीत कामात असू, हाक ऐकू येणार नाही, आणि आई आत एकटीच जाईल.

म्हणून तिच्या खोलीचं दार तो कधीच लावायचा नाही.

त्या वेळी त्याच्याकडे एका क्लबचं काम आलं होतं. आख्खं ओसाड गाव करायचं होतं. अशा गावात घरांची छपरं सुटी ठेवतात. खेळणारा छप्पर उचलतो, वरून हात घालतो, आपला सैनिक आत उभा करतो. सैनिक शत्रूच्या जवळ जाऊन उभा राहिला, की पुढच्या डावात वार.

थर्माच्या टेबलावर एक बिनरंगाचा सैनिक कायम असे. प्रत्येक दाराशी त्याला उभा करून दाराची उंची बघायची. त्याला तो 'मापाचा माणूस' म्हणायचा. मावशी त्यालाच पाहुणा म्हणायची. घरात दुसरं कुणी येत नाही ना, मग हाच.

एक दिवस मावशी म्हणाली, "या गावात माझी पण खोली कर की. आणि तिच्यात तरी ऊन येऊ दे."

तिच्या खोलीला खिडकी आहे, पण समोर शेजारच्या इमारतीची भिंत. ऊन कधी येतच नाही.

थर्मानं केली खोली, एका खोलीचं सुटं घरच. अगदी तशीच. तीच खिडकी, तीच खाट, औषधांचं स्टूल. खाटेवरच्या अंथरुणासाठी मावशीनं आपल्या जुन्या चादरीचा कोपरा स्वतः कापून दिला. हात थरथरत होता, पण कात्री सरळ चालली. मग थर्मानं ते घर तिला दारातून दिसेल असं गॅलरीतल्या उन्हात धरलं आणि छप्पर उचललं. मावशी खोकला येईपर्यंत हसली. पोराचं फार कौतुक वाटलं तिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो टेबलापाशी रंग देत बसला होता.

आणि मागून आवाज आला...

करर्र.

फोमवर फोम घासल्याचा. दात शिवशिवतात तो. थर्माच्या हातात तर फक्त ब्रश होता.

त्यानं वळून पाहिलं. मावशीच्या त्या छोट्या घराचं छप्पर शेजारी काढून ठेवलेलं होतं. आपणच काढलं असेल, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात आतून मावशी म्हणाली, "बाळा, आज ऊन आलं रे."

तो आत गेला. खोली रोजच्यासारखीच अंधारी होती. त्यानं मावशीच्या अंगावरच्या चादरीवर सहज हात ठेवला...

चादर गरम होती. फक्त वरच्या बाजूनं.

मग रोजच दुपारी असं होऊ लागलं. तो आवाज, सुटं पडलेलं छप्पर, आणि आतून मावशीची हाक. मावशी खुशीत होती, तिचा रंगही सुधारला. थर्माला बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती. त्यानं मला बोलावलं. स्लॅबला कुठे चीर आहे का ते बघ म्हणाला.

मी गच्चीवर जाऊन पाहिलं. दाराला कुलूप होतं, ते उघडून गेलो. स्लॅब धडधाकट, केसाएवढीही चीर नाही. मी त्यालाच झापलं. मावशी मजेत आहे ना, मग उगाच कशाला डोक्यात किडा घालून घेतोस, म्हटलं. आणि चहा पिऊन निघून आलो.

नंतर दोनचार दिवसांत मावशीचं बोलणं बदललं.

ऊन येतं, पण मध्येच अडतं, असं ती म्हणू लागली. कुणीतरी वरून वाकतं.

"कोण वाकतं, आई?"

"तोंड दिसत नाही." तिनं छताकडे बोट दाखवलं. "सगळं मावत नाही रे ते वर."

 थर्मा सरळ टेबलाशी आला, गोंदाची बाटली उचलली, आणि त्या घराचं छप्पर चारही बाजूंनी चिकटवून टाकलं. वरून वजन ठेवलं. आता काढ म्हणावं. त्या रात्री तो कितीतरी दिवसांनी शांत झोपला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आवाज आलाच नाही.

थर्माच्या जिवात जीव आला. त्यानं काम सुरू केलं. विटांच्या कडा उठाव्यात म्हणून भिंतींवर जेमतेम रंगाचा कोरडा ब्रश फिरवत होता. घर कसं शांत होतं. शेजारचा टीव्ही तेवढा ऐकू येत होता.

आणि मग त्याच्या लक्षात आलं...

आईचा खोकलाही ऐकू येत नव्हता.

तो उठून धावला. खोलीचं दार बंद होतं. जे दार तो कधीच लावत नाही, ते. आतून मावशी लावणं शक्य नाही, तिला उठताच येत नाही. त्यानं ढकललं, खांदा मारला. दार हललं नाही, आतून हूं नाही की चूं नाही. त्या दाराला चौकटीशी बोट जाईल एवढी फट होती, जुनीच. त्यानं तिथं बोट घालायला पाहिलं...

फट नव्हती. दार आणि भिंत एकसंध.

दार सोडून तो टेबलाकडे का पळाला, ते त्याला आजही सांगता येत नाही. त्यानं कटर उचलला आणि त्या घराच्या छपरात खुपसला. बोटही कापून घेतलं. गोंद सुटेना. शेवटी दोन्ही हातांनी छप्पर उपटलं.

करर्र.

मागे दार आपोआप उघडलं.

मावशी निळी पडली होती. तोंड उघडं, डोळे छताकडे. त्यानं तिला उठवून बसवलं, पाठ चोळली. मग कुठे तिचा श्वास सुरू झाला. थर्मा लहान मुलासारखा रडत होता.

तिनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "वरचं का बंद केलंस रे?"

छप्पर चिकटवल्याचं त्यानं तिला सांगितलेलंच नव्हतं.

क्लबला बाकीचं गाव गेलं. ते एक घर थर्मानं ठेवून घेतलं. जाळायचा विचार त्यानं मनातही येऊ दिला नाही. छप्पर तर मोडलेलंच होतं. ते घर मांडीवर घेऊन तो दुपारभर आईच्या खाटेजवळ बसू लागला.

हे सगळं त्यानं मला सांगितलं, तेव्हा मी तिथंच बसलो होतो. मावशी डोळे मिटून पडली होती.

"नुसतं बघतं," तो हळू आवाजात म्हणाला. "हात घालत नाही अजून."

मी हसायचा प्रयत्न केला. काहीतरी वायरिंगचं बोललो.

तेवढ्यात वरून आवाज आला...

करर्र.

मी ऐकला. छताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. थर्मानं मान वरसुद्धा केली नाही. माझ्या मानेला वरून ऊब लागली. माझीही वर बघायची छाती झाली नाही.

मावशीनं डोळे उघडले. कोपऱ्याकडे बघून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "हा कोण आणून ठेवलाय रे? हलत नाही की बोलत नाही."

कोपऱ्यात कुणीही नव्हतं.

थर्मा कोपऱ्याकडे बघतच नव्हता. तो मांडीवरच्या घरात बघत होता. मीही वाकून पाहिलं.

आत, कोपऱ्यात, मापाचा माणूस उभा होता. मघाशी आत येताना तो पुढच्या खोलीत टेबलावर होता. मीच हातात घेऊन तिथं परत ठेवला होता.

थर्मानं त्याला बाहेर काढून गच्चीवरून लांब फेकून दिलं. दुसऱ्या दुपारी तो परत आत होता, असं त्यानं फोनवर सांगितलं. कोपऱ्यात नाही, जरा पुढे. मावशीला त्या घरातून हलवायचं तर डॉक्टर नको म्हणतात, तिला ते झेपणार नाही. मी रोज फोन करतो. जरा पुढे आलाय, एवढंच तो रोज सांगतो.

काल दुपारी फोन केला. थर्मानं उचलला, पण बोलला नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मागून मावशीचा आवाज आला, घरी कुणी पाहुणा आल्यावर बोलावं तसा.

"अरे, त्याला बसायला स्टूल तरी दे. किती वेळ असा माझ्या खाटेला टेकून उभा राहील?"

आज सकाळपासून फोन लागत नाही. मी निघालोय. कितीही घाई केली तरी पोचेपर्यंत दुपार होईल.