गुलाबी टोप्या

“वहिनी, उद्या माझं दुकान बंद होणार!” औषधवाला दारातूनच ओरडला.

भावजींचा चहा बशीत सांडला. वहिनी शोधकामाला निघाल्या की पिशवी धरायला हे धाकटे दीर बरोबर असत. डोकं चालवायचं काम त्यांनी कधीच वहिनींवर सोपवलं होतं.

हकीकत अशी. निवृत्त हेडमास्तर गुडघेदुखीची गोळी घेत. तिने पोटाचं अस्तर सोलवटू नये म्हणून डॉक्टरांनी संरक्षक कॅप्सूल दिली होती. तरी महिनाभर पोटात आग! कॅप्सूल बनावट आहेत, असा अर्ज मास्तर उद्या औषध खात्याकडे देणार होते.

“आणि हे माझेच गुरुजी हो! अक्षर वाईट म्हणून शंभर-शंभर ओळी लिहून घ्यायचे.” औषधवाल्याला रडू आवरेना.

तिघं मास्तरांच्या घरी पोहोचले, तेव्हा ते अर्ज पुढ्यात घेऊनच बसले होते.

“कॅप्सूल कधी चुकली?” वहिनींनी विचारलं.

“माझी? न्याहारीआधी अर्धा तास, ठोक्याला!”

“खरंय,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “मीच चमच्याने भरवते. मागे घास अडकला होता ना, तेव्हापासून घशाची धास्तीच घेतलीय यांनी.”

सून म्हणाली, “मध्ये दुसऱ्या दुकानातून आणल्या, तरी आग तीच. मामंजी म्हणतात, दोघांची मिलीभगत आहे!”

भावजी पाणी प्यायला आत गेले. औषधांच्या डब्याशेजारी छोटा खल धुऊन पालथा घातला होता. बाहेर नात मातीची माणसं मांडून बसली होती, प्रत्येकाच्या डोक्यावर गुलाबी टोपी.

“वा, काय झकास टोप्या!” भावजी म्हणाले.

वहिनींनी एक टोपी उचलली आणि त्या खुदकन हसल्या.

“औषध अस्सल आहे. मास्तर, अख्खी कॅप्सूल चमच्याने कशाला भरवायची? चमचा लागतो भुकटीला. घशाच्या भीतीने तुम्ही कॅप्सूल उघडवता, आतले दाणे खलात कुटवता आणि रिकामी टोपणं नातीला देता. त्या दाण्यांवर लेप असतो, पोटातल्या आम्लातून आतड्यापर्यंत सुखरूप जायला. लेपच कुटला, तर औषध वाटेतच गारद! मग दुकान कुठलंही असो.”

“अगं बाई! रोज नेमाने मीच कुटलं की!” मास्तरीणबाई कळवळल्या. “पण बारीक कर, बारीक कर, म्हणून यांनीच पिच्छा पुरवला हो!”

वहिनींनी खोकं पुढे केलं. “अर्जात यावरची तारीख, क्रमांक, किंमत, सगळं उतरवलंत. ‘फोडू अथवा चघळू नये’ तेवढं राहिलं. गिळवत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ते दुसरं काही देतील.”

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. मग त्यांनी अर्ज उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं: सूचना आधी वाचाव्यात. सूचना आधी वाचाव्यात.

औषधवाला डोळे पुसत त्यांच्या खांद्यावरून वाकला.

“शंभर वेळा, गुरुजी. आणि अक्षर जरा सुवाच्य काढा.”